इटलीचे एकीकरण आणि इटालियन ओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात इटलीचे एकीकरण दीड-दोन पानांत उरकते. मॅझिनीने विचार दिला, काव्हूरने डावपेच लढवले, गॅरिबाल्डीने तलवार गाजवली आणि १८७० साली रोम मिळाले. यात चुकीचे काही नाही, पण खरी गंमत आणि खरी वेदना यातून निसटते. १८५९ ते १८७० या अकरा वर्षांत राज्य उभे राहिले. ते ज्या रीतीने आणि ज्या घाईने उभे केले, तिचे परिणाम इटलीच्या लोकांनी पुढे कित्येक पिढ्या सोसले. खालची उत्तरे हे सूत्र धरून दिली आहेत.

एकीकरणाआधी इटलीत नेमकी किती राज्ये होती?

१८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतरचा नकाशा समोर घ्या. वायव्येला सार्डिनियाचे राज्य. त्याची राजधानी तुरिन आणि गाभा पिडमाँट; सव्हॉय, नीस, जिनोआ आणि सार्डिनिया बेट त्यातच येत. ईशान्येला लोम्बार्डी-व्हेनेशिया, म्हणजे मिलान आणि व्हेनिस. हा भाग थेट ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा. मध्ये पार्मा, मोडेना, लुका ही छोटी संस्थाने आणि टस्कनीची ग्रँड डची. त्यांच्या गाद्यांवर बहुतेक ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची किंवा त्याच्या नात्यातली माणसे. द्वीपकल्पाच्या मध्यावर, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पोपचे राज्य. त्याच्या खाली अख्खा दक्षिण भाग आणि सिसिली मिळून 'दोन सिसिलींचे राज्य', राजधानी नेपल्स, राजघराणे बूर्बों. सान मारिनो हे इवलेसे प्रजासत्ताक तेव्हाही स्वतंत्र होते, आजही आहे.

प्रत्येक राज्याचे नाणे वेगळे, वजने-मापे वेगळी, जकात वेगळी. मिलानहून फ्लॉरेन्सला माल न्यायचा तर वाटेत पुन्हा पुन्हा गाड्या थांबवून कर भरावा लागे. ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निक 'इटली ही केवळ भौगोलिक संज्ञा आहे' असे म्हणाला ते याच नकाशाकडे बघून.

मग एक होण्याची कल्पना आली कुठून?

नेपोलियनकडून, आणि त्याचा तसा हेतू नसताना. त्याने उत्तर इटलीत १८०५ ते १८१४ 'इटलीचे राज्य' नावाची सत्ता चालवली. तिथे एकच दिवाणी कायदा, एकच सैन्यभरती आणि एकच प्रशासन होते. त्या सैन्यात आणि कचेऱ्यांत तयार झालेली तरुण पिढी १८१५ नंतर बेकार झाली, नाराज झाली आणि कार्बोनारीसारख्या गुप्त मंडळांत शिरली. १८२०-२१ आणि १८३१ चे उठाव याच लोकांचे. ऑस्ट्रियाच्या फौजांनी ते सहज मोडून काढले, कारण प्रत्येक उठाव आपापल्या राज्यापुरता होता आणि शेतकरी त्यात नव्हता.

मॅझिनीने ही चूक ओळखली. जिनोआत जन्मलेल्या या वकिलाने १८३१ साली मार्सेय इथे हद्दपारीत असताना 'तरुण इटली' ही संघटना काढली. तिचे उद्दिष्ट एकसंध प्रजासत्ताक. राजा नको, संघराज्य नको, परकी मदत नको. लोकांनी स्वतः उठून राष्ट्र घडवायचे. दुसरीकडे जोबेर्ती हा धर्मगुरू १८४३ मध्ये म्हणत होता की पोपच्या अध्यक्षतेखाली सगळ्या राज्यांचा संघ करा. मिलानच्या कात्तानेओला स्वित्झर्लंडसारखे संघराज्य हवे होते. पिडमाँटच्या मवाळांना मात्र आपला राजा वाढवायचा होता. शेवटी जे घडले ते या चौथ्या मार्गाने. हे नीट लक्षात घेतले नाही तर पुढचे काहीच कळत नाही: एकीकरणाच्या बाजूचे लोक आपसात एकमताचे कधीच नव्हते.

१८४८ चा उठाव एवढा मोठा होता, तरी का फसला?

सुरुवात १२ जानेवारीला पालेर्मोत झाली. मार्चमध्ये मिलानच्या लोकांनी रस्त्यात अडथळे रचून पाच दिवस (१८ ते २२ मार्च) लढून ऑस्ट्रियाच्या फौजेला शहराबाहेर काढले. व्हेनिसने मानिनच्या नेतृत्वाखाली प्रजासत्ताक जाहीर केले. पिडमाँटचा राजा चार्ल्स अल्बर्ट युद्धात उतरला. टस्कनी, नेपल्स, अगदी पोपच्या राज्यातूनही सैन्य निघाले.

मग एकेक जण गळत गेला. २९ एप्रिलला पोप नववा पायस याने जाहीर केले की कॅथलिक ऑस्ट्रियाविरुद्ध आपण युद्ध करणार नाही. ज्याच्या नावाचा जयघोष करत लोक रस्त्यावर आले होते त्यानेच अंग काढून घेतल्यावर जोबेर्तीची योजना तिथेच संपली. नेपल्सच्या राजाने मे महिन्यात फौज परत बोलावली. एकट्या पडलेल्या पिडमाँटचा जुलैत कुस्तोझा इथे आणि पुन्हा २३ मार्च १८४९ ला नोव्हारा इथे पराभव झाला. राजाने त्याच रात्री गादी सोडली.

रोममध्ये मात्र फेब्रुवारी १८४९ मध्ये प्रजासत्ताक आले. मॅझिनी तिथल्या तीन प्रमुखांपैकी एक होता आणि संरक्षण गॅरिबाल्डीकडे होते. ते प्रजासत्ताक बुडवले ऑस्ट्रियाने नव्हे, फ्रान्सने. तेही फ्रान्स स्वतः प्रजासत्ताक असताना. ३ जुलैला फ्रेंच फौज शहरात शिरली. आजच्या राष्ट्रगीताचा कवी गोफ्रेदो मामेली याच लढाईत पायाला झालेल्या जखमेने ६ जुलैला गेला. वय होते २१.

या सगळ्या पडझडीतून एक गोष्ट टिकली. पिडमाँटची ४ मार्च १८४८ ची राज्यघटना नव्या राजाने, दुसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने, रद्द केली नाही. इटलीत संसद आणि तिरंगा दोन्ही शाबूत असलेले ते एकच राज्य उरले. पुढच्या दहा वर्षांत इतर राज्यांतले हजारो निर्वासित तुरिनला आले, ते त्यामुळेच.

काव्हूरने प्रत्यक्षात काय केले?

१८५२ च्या नोव्हेंबरात तो पंतप्रधान झाला. रेल्वे, बँका, व्यापारी करार यांत त्याने पिडमाँटला पुढे आणले आणि त्यापायी राज्यावर मोठे कर्जही चढवले. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात त्याने फौज पाठवली. पिडमाँटचे रशियाशी काही भांडण नव्हते, पण त्यामुळे पुढच्या वर्षी पॅरिसच्या परिषदेत त्याला इंग्लंड-फ्रान्सच्या शेजारी बसून इटलीचा प्रश्न काढता आला.

खरा सौदा जुलै १८५८ मध्ये प्लोम्बिएर या फ्रान्समधल्या गावी झाला. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि काव्हूर गुपचूप भेटले. ठरले ते असे: ऑस्ट्रियाशी युद्ध करायचे, पण कुरापत त्यानेच काढली असे दिसले पाहिजे. फ्रान्स दोन लाख सैनिक देईल, पिडमाँट एक लाख. जिंकल्यावर उत्तर इटलीचे एक राज्य, मध्य इटलीचे दुसरे, पोपकडे रोम, नेपल्स जागच्या जागी, आणि या चौघांचा संघ. बदल्यात फ्रान्सला सव्हॉय आणि नीस. शिवाय राजाची १५ वर्षांची मुलगी क्लोटिल्ड सम्राटाच्या चुलतभावाला, जो तिच्याहून वीस वर्षांनी मोठा होता.

या यादीत अखंड इटली कुठेच नाही. काव्हूरला तेव्हा ती नको होती, किंवा शक्य वाटत नव्हती. तो फ्रेंच बोलत वाढलेला माणूस. रोम, नेपल्स, सिसिली त्याने आयुष्यात कधी पाहिले नाही.

सोल्फेरिनो जिंकल्यावर युद्ध मध्येच का थांबले?

ठरल्याप्रमाणे १८५९ मध्ये युद्ध झाले आणि २४ जूनला सोल्फेरिनो इथे फ्रान्स-पिडमाँटने ऑस्ट्रियाला हरवले. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ४०,००० सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. जखमींचे हाल पाहून हेन्री ड्युनांने पुढे जे काम हाती घेतले त्यातून रेड क्रॉस उभा राहिला. तिसरा नेपोलियनही हादरला होता. ऑस्ट्रियाचे चार किल्ले अजून समोर होते, ऱ्हाइनवर प्रशियाची हालचाल दिसत होती आणि मध्य इटलीतले उठाव ठरलेल्या योजनेबाहेर चालले होते. ११ जुलैला त्याने व्हिलाफ्रांका इथे परस्पर तह केला. पिडमाँटला लोम्बार्डी मिळाली, व्हेनिस ऑस्ट्रियाकडेच राहिले. काव्हूरने संतापून राजीनामा दिला आणि जानेवारी १८६० मध्ये परत आला. मधल्या काळात टस्कनीत रिकासोली आणि एमिलियात फारीनी यांनी जुन्या राजांना परत येऊ दिले नाही. त्यांचे काम पाठ्यपुस्तकात येत नाही, पण त्यांच्याशिवाय मध्य इटली हातची गेली असती.

गॅरिबाल्डीच्या हजार लोकांनी एवढे मोठे राज्य कसे पाडले?

५ मे १८६० च्या रात्री जिनोआजवळच्या क्वार्तो इथून 'पिएमोन्ते' आणि 'लोम्बार्दो' या दोन वाफेच्या बोटी निघाल्या. यादीवर १,०८९ नावे आहेत. बहुतेक लोम्बार्डी, व्हेनेशिया, लिग्युरियाचे; एकट्या बेर्गामो शहराने सर्वाधिक माणसे दिली. वकील, डॉक्टर, विद्यार्थी, कारागीर. शेतकरी जवळपास नाहीत. यादीत एक स्त्री आहे: रोझाली मोंमासों, मोहिमेच्या आयोजकांपैकी एक असलेल्या क्रिस्पीची पत्नी.

हत्यारांची अवस्था वाईट होती. स्वयंसेवकांसाठी वर्गणीतून घेतलेल्या चांगल्या बंदुका मिलानच्या गव्हर्नरने अडकवून ठेवल्या, म्हणून जुन्या, नेम न धरणाऱ्या बंदुकांवर भागवावे लागले. त्यात दारूगोळा आणणाऱ्या होड्यांची आणि बोटींची रात्री चुकामूक झाली. गोळ्यांविना सैन्य समुद्रात! गॅरिबाल्डीने टस्कनीच्या तालामोने बंदरात बोटी थांबवल्या आणि ओर्बेतेल्लोच्या किल्ल्यातून दारूगोळा मिळवला.

११ मे ला ते पश्चिम सिसिलीत मार्सालाला पोचले. 'लोम्बार्दो' गाळात रुतली. बूर्बों युद्धनौका तेव्हा दूर होत्या, आणि परत आल्या तेव्हा बंदरात ब्रिटिश जहाजे उभी असल्याने त्यांनी तोफा डागायला वेळ घेतला. १५ मे ला कालाताफिमीच्या डोंगरउतारावर पहिली लढाई झाली. उतारावर शेतांच्या पायऱ्या होत्या. एकेका बांधाच्या आडोशाला दम घ्यायचा आणि संगीन घेऊन वरच्या बांधावर धावायचे, असे करत ते माथ्यावर पोचले.

सिसिलीत बूर्बों सैन्य सुमारे २५,००० होते. तरी ते हरले, याचे श्रेय गॅरिबाल्डीच्या लाल सदरे घातलेल्या स्वयंसेवकांइतकेच सिसिलीच्या लोकांचे. एप्रिलपासूनच पालेर्मोच्या आसपास बंड पेटले होते. खेड्यापाड्यांतली पोरे गॅरिबाल्डीला येऊन मिळत गेली. सेनापती म्हातारे होते, हुकूम नेपल्सहून यायचे आणि सैन्य गावोगाव विखुरलेले होते. २७ मे ला पालेर्मोत शिरकाव, जुलैत मिलाझ्झो, ऑगस्टमध्ये सामुद्रधुनी पार, आणि ७ सप्टेंबरला गॅरिबाल्डी रेल्वेच्या डब्यातून नेपल्समध्ये उतरला. राजा फ्रान्सिस आदल्या दिवशीच गाएताला निघून गेला होता.

मग काव्हूर घाबरला. गॅरिबाल्डी रोमवर गेला तर फ्रान्सशी युद्ध होईल, आणि मॅझिनीही नेपल्सला पोचण्याच्या बेतात होता. काव्हूरने राजाची फौज पोपच्या मुलखातून दक्षिणेला धाडली. २६ ऑक्टोबरला तेआनोजवळ गॅरिबाल्डीने राजाची भेट घेतली आणि जिंकलेला मुलूख त्याच्या हवाली केला. बक्षिसे नाकारून तो काप्रेरा बेटावर आपल्या शेतीकडे परतला. प्रजासत्ताकवादी माणसाने इटलीच्या एकीपुढे आपले मत बाजूला ठेवले, याचे मोल फार मोठे आहे.

सार्वमतात ९९ टक्के 'होय' खरेच पडले का?

आकडे खरे आहेत, मतदान मोकळे नव्हते. नेपल्सच्या राज्यात २१ ऑक्टोबर १८६० ला १३,०२,०६४ होय आणि १०,३१२ नाही. सिसिलीत ४,३२,०५३ विरुद्ध ६६७. व्हेनेशियात १८६६ साली नकाराची मते अवघी ६९.

मतदानाची पद्धत पाहिली की कोडे सुटते. नेपल्समध्ये एका बाजूला 'होय'च्या चिठ्ठ्यांचे भांडे, दुसरीकडे 'नाही'च्या चिठ्ठ्यांचे, आणि मध्ये मत टाकायची पेटी. आपण कुठल्या भांड्यात हात घालतो हे शिपाई, कारकून, शेजारी सगळ्यांना दिसे. प्रश्नही एकाच बाजूचा: व्हिक्टर इमॅन्युएल राजा असलेली एक आणि अखंड इटली हवी का? संघराज्य, स्वायत्तता, प्रजासत्ताक असा पर्यायच नव्हता. टस्कनीत मार्च १८६० मध्ये 'वेगळे राज्य' हा पर्याय दिला होता, तिथे त्याला १४,९२५ मते पडली.

त्याहून बोलकी गोष्ट पुढची. सार्वमतात २१ वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत होते. तीन महिन्यांनी, जानेवारी १८६१ मध्ये संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मतदार उरले ४,१८,६९६. अट अशी की वय २५, लिहिता-वाचता आले पाहिजे आणि वर्षाला निदान ४० लिरा थेट कर भरलेला पाहिजे. सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येत हे दोन टक्केही होत नाहीत. ज्या शेतकऱ्याने राज्याला होकार दिला, त्याला ते चालवण्यात वाटा नव्हता. घटना समिती बोलावून नव्या राष्ट्राची नवी घटना करावी ही मॅझिनीची मागणीही बाजूला सारली गेली. आमच्या मते एकीकरणातली सगळ्यांत मोठी चूक हीच.

इटलीचा पहिला राजा 'दुसरा' व्हिक्टर इमॅन्युएल कसा?

पिडमाँटच्या गादीवरचा आपला क्रमांक त्याने बदलला नाही. १७ मार्च १८६१ ला इटलीचे राज्य जाहीर झाले, पण संसदेची बैठकही जुन्याच क्रमाने आठवी म्हणवली गेली. नवे राष्ट्र जन्मले की पिडमाँट मोठे झाले, या वादात विरोधकांच्या हाती हा पुरावा कायमचा आला.

रोम मिळायला १८७० का उजाडले, आणि राजधानी दोनदा का हलवली?

रोममध्ये फ्रेंच फौज होती म्हणून. गॅरिबाल्डीने दोनदा धडक दिली. १८६२ मध्ये आस्प्रोमोन्ते इथे खुद्द इटलीच्याच सैन्याने त्याच्यावर गोळी झाडली. ती घोट्यात बसली. ३ नोव्हेंबर १८६७ ला मेंताना इथे फ्रेंचांच्या नव्या शास्पो बंदुकांपुढे त्याचे स्वयंसेवक टिकले नाहीत.

१८६४ मध्ये फ्रान्सशी करार झाला: फ्रान्स हळूहळू फौज काढेल, इटली राजधानी तुरिनहून हलवेल. बातमी फुटताच तुरिनमध्ये दंगल झाली आणि गोळीबारात कित्येक नागरिक मारले गेले. १८६५ मध्ये राजधानी फ्लॉरेन्सला गेली. व्हेनेशिया १८६६ मध्ये मिळाला, पण कुस्तोझाच्या लढाईत आणि लिस्साच्या आरमारी लढाईत हरून. जिंकला होता मित्र प्रशिया. ऑस्ट्रियाने तो मुलूख आधी फ्रान्सच्या हाती दिला आणि फ्रान्सने इटलीला. ही बोच पुढे बरीच वर्षे राहिली.

१८७० मध्ये फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू झाल्यावर फ्रेंच फौज रोममधून गेली. २० सप्टेंबरला इटलीचा सेनापती कादोर्ना याच्या तोफांनी पोर्ता पिया वेशीजवळ तटाला खिंडार पाडले. लढाई काही तासांची. इटलीचे ४९ आणि पोपचे १९ सैनिक पडले. १८७१ पासून राजधानी रोम. पोपला हमी देणारा कायदा झाला, वर्षाला ३२,२५,००० लिरा देऊ केले गेले. त्याने नाकारले, स्वतःला व्हॅटिकनचा कैदी म्हणवले आणि कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकांपासून दूर राहायला सांगितले. देशातल्या सर्वांत मोठ्या धर्मसंस्थेने राज्य मानलेच नाही. ही कोंडी ११ फेब्रुवारी १९२९ च्या लॅटरन करारापर्यंत सुटली नाही.

दक्षिणेत एकीकरणानंतर लगेच बंड का पेटले?

इटलीतही आज सर्वांत तापलेला वाद हाच आहे. म्हणून कारणे सुटी करून सांगतो.

पहिले, जमीन. गॅरिबाल्डीने २ जून १८६० च्या फर्मानाने लढणाऱ्यांना गावठाणाच्या सामायिक जमिनीत वाटा कबूल केला. शेतकरी उठले ते त्यासाठी. ऑगस्टमध्ये एट्नाच्या पायथ्याच्या ब्रोन्ते गावात त्यांनी जमीनमालक आणि अधिकारी मिळून सोळा जणांना मारले. गॅरिबाल्डीचा सहकारी बिक्सिओने घाईघाईचा खटला चालवून पाच जणांना गोळ्या घातल्या. जमीन मिळाली नाही. पुढे चर्चच्या जमिनी लिलावात निघाल्या, त्या पैसेवाल्यांनी घेतल्या. सरपण, चराई यांचे जुने हक्क गेले.

दुसरे, सक्तीची सैन्यभरती. सिसिलीत बूर्बोंच्या काळात ती नव्हती. ऐन कामाचा मुलगा कित्येक वर्षांसाठी उत्तरेला न्यायला आले की घरचे त्याला डोंगरात लपवत.

तिसरे, कर. पिडमाँटचे कर्ज आता सगळ्यांचे झाले. पिडमाँटचे कमी आयातशुल्क एका फटक्यात दक्षिणेला लागू झाल्याने तिथले संरक्षणाखाली वाढलेले कारखाने उघड्यावर पडले. १८६९ पासून दळणावर कर आला. पिठाच्या गिरणीत यंत्र बसवून जात्याचे फेरे मोजत आणि त्यावर कर घेत. याविरुद्धच्या दंगली उत्तरेत एमिलियातही झाल्या आणि अडीचशेच्या आसपास माणसे मेली.

चौथे, मोडीत काढलेल्या बूर्बों फौजेतले हजारो सैनिक, ज्यांना बंदूक चालवता येत होती आणि पोटाला काही नव्हते.

यातून १८६१ ते १८६५ या काळात जे झाले त्याला सरकार 'दरोडेखोरी' म्हणे. क्रोक्कोसारख्या टोळीनायकांकडे शेकड्यांनी घोडेस्वार होते. सरकारने लाखावर सैनिक पाठवले. ऑगस्ट १८६१ मध्ये पोंतेलान्दोल्फो आणि कासालदूनी परिसरात चाळीसेक सैनिक मारले गेले, त्याचा सूड म्हणून सैन्याने ती गावे जाळली. १८६३ च्या पीका कायद्याने संशयितांना लष्करी न्यायालयापुढे उभे करता येऊ लागले.

इथे एक सावधगिरी हवी. समाजमाध्यमांवर आजकाल दुसरे टोक दिसते: बूर्बोंचे राज्य श्रीमंत आणि सुखी होते, उत्तरेने ते लुटले. इटलीतली पहिली रेल्वे १८३९ मध्ये नेपल्स ते पोर्तिची धावली हे खरे. पण १८६१ मध्ये सगळ्या दक्षिणेत मिळून २०० किलोमीटरही लोहमार्ग नव्हते, सिसिलीत एकही नव्हता, आणि सिसिलीत दर दहा माणसांपैकी जवळपास नऊ निरक्षर होती. दक्षिण आधी मागे होती, आणि नव्या राज्याने तिला समजून घेतले नाही. दोन्ही एकाच वेळी खरे आहे. १८७६ ते १९१५ दरम्यान सुमारे १ कोटी ४० लाख लोक देश सोडून गेले. आधी उत्तरेतून अधिक, विसाव्या शतकात दक्षिणेतून.

तेव्हा सगळे इटालियन भाषा बोलत होते का?

नाही. १८६१ मध्ये इटालियन बोलता येणाऱ्यांचे प्रमाण अभ्यासक २.५ टक्के ते १० टक्के यांच्या दरम्यान धरतात. कोणाला मोजायचे, यावर फरक पडतो: शाळेत शिकलेलेच घ्यायचे की टस्कनी आणि रोमचे लोकही, ज्यांची बोली मुळातच जवळची आहे. राजा घरात पिडमाँटची बोली बोले.

लेखनाची भाषा मात्र दांतेच्या काळापासून फ्लॉरेन्सची होती. मिलानच्या मान्झोनीने तर आपली गाजलेली कादंबरी फ्लॉरेन्सच्या जिवंत बोलीत पुन्हा लिहून काढली, आणि १८६८ मध्ये सरकारला सुचवले की शिक्षक टस्कनीतून पाठवा, कोश तिथल्या बोलीचे करा. तेवढ्याने काम भागले नाही. १८७७ च्या कोप्पिनो कायद्याने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली, पण शाळा ग्रामपंचायतींच्या पैशावर चालत आणि गरीब गावांकडे पैसा नव्हता. भाषा पसरली ती सैन्यात, पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत, मिलान-तुरिनच्या कारखान्यांत आणि १९५४ पासून दूरदर्शनवर. १९६० मध्ये सुरू झालेल्या एका कार्यक्रमात शिक्षक आल्बेर्तो मान्झी मोठ्या माणसांना पडद्यावरून अक्षरे गिरवायला शिकवत. गावात संच एकच असे, मंडळी त्याच्यापुढे वही घेऊन बसत.

बोली संपलेल्या नाहीत. २०१५ च्या पाहणीत घरात फक्त किंवा मुख्यतः इटालियन बोलणारे ४५.९ टक्के निघाले. बाकीच्यांतले बरेच जण दोन्ही मिसळून बोलतात.

'इटली घडवली, आता इटालियन माणसे घडवायची' हे कोण म्हणाले?

पिडमाँटचा काव्हूरआधीचा पंतप्रधान आणि लेखक मासिमो द'अझेल्यो याच्या नावावर ते चालते. या शब्दांत त्याने ते लिहिलेले नाही. त्याच्या आठवणींत याच आशयाची तक्रार आहे: इटलीला नवे करायला निघालेली माणसे स्वतः जुनीच राहिली. उद्धृत करताना 'द'अझेल्योच्या नावे प्रसिद्ध' असे लिहावे.

व्हेर्दीच्या ऑपेरांनी क्रांती घडवली का?

१८४२ च्या 'नाबुक्को'मधले गुलामांचे समूहगान ऐकून प्रेक्षकांनी बंदी मोडून ते पुन्हा गायला लावले, ही कथा नंतरची आहे. १८५९ च्या सुमारास भिंतींवर 'व्हेर्दी चिरायू होवो' असे लिहीत, कारण त्याच्या नावाच्या अक्षरांत 'व्हिक्टर इमॅन्युएल, इटलीचा राजा' ही आद्याक्षरे बसत. हे मात्र खरे. व्हेर्दी १८६१ च्या पहिल्या संसदेत काव्हूरच्या आग्रहाने निवडूनही आला.

झेंडा आणि राष्ट्रगीत कधीचे?

हिरवा-पांढरा-लाल तिरंगा ७ जानेवारी १७९७ ला रेज्जो एमिलियात स्वीकारला गेला. राजेशाहीत त्याच्या मध्यावर सव्हॉय घराण्याची ढाल होती, ती १९४६ मध्ये निघाली. मामेलीचे गीत १८४७ चे. ते प्रजासत्ताकवादी म्हणून राजेशाहीने दुसरीच धून वापरली. १९४६ मध्ये ते तात्पुरते राष्ट्रगीत झाले आणि कायद्याने कायम व्हायला २०१७ साल लागले.

एकीकरण पूर्ण झाले ते १८७० मध्ये की १९१८ मध्ये?

परीक्षेत १८७० लिहा. इटलीत मात्र पहिल्या महायुद्धाला 'स्वातंत्र्याचे चौथे युद्ध' म्हणणारी परंपरा आहे, कारण त्रेन्तो आणि त्रिएस्ते त्यानंतर मिळाले. त्याबरोबर ब्रेनर खिंडीपर्यंतचा जर्मनभाषक दक्षिण टिरोलही आला. भाषेच्या आधारावर ऑस्ट्रियाशी भांडलेल्या देशाने दुसऱ्यांच्या भाषेचा मुलूख घेतला, आणि मुसोलिनीने तिथल्या गावांची नावे, शाळा, अगदी आडनावेही बदलायला लावली.

२ जून १९४६ च्या सार्वमतातही जुनी भेग उघडी पडली. प्रजासत्ताकाला सुमारे १ कोटी २७ लाख, राजेशाहीला १ कोटी ७ लाख मते. उत्तर प्रजासत्ताकाकडे, दक्षिण राजाकडे. या वेळी स्त्रियांनाही मत होते आणि सोबत घटना समितीही निवडली गेली. मॅझिनीची १८६० ची मागणी ८६ वर्षांनी पुरी झाली.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा काय संबंध?

थेट आहे. नाशिकच्या 'मित्रमेळ्या'चे १९०४ मध्ये 'अभिनव भारत' झाले, ते 'तरुण इटली'च्या धर्तीवर. १९०६ मध्ये लंडनला गेल्यावर विनायक दामोदर सावरकरांनी मॅझिनीचे लेखन मराठीत आणले. १९०७ मध्ये थोरले बंधू बाबाराव यांनी ते प्रसिद्ध केले आणि सरकारने ते जप्त केले. सावरकरांना मॅझिनीत गुप्त संघटना आणि शपथ दिसली. १९०९ मध्ये गांधीजींनी 'हिंद स्वराज्या'त याच इटलीतून उलटा धडा काढला: गॅरिबाल्डीने शस्त्रे दिली, पण मॅझिनीला हवे असलेले जनतेचे राज्य आले नाही, शेतकरी होता तिथेच राहिला. दोघेही एकाच इतिहासाकडे बघत होते. १८६१ च्या मतदारयादीचा आकडा समोर ठेवला तर गांधीजींच्या म्हणण्यात बरेच तथ्य होते.

विद्यार्थ्यांकडून हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

कुस्तोझाच्या लढाया दोन आहेत, १८४८ आणि १८६६. दोन्हींत इटलीची बाजू हरली. 'सार्डिनियाचे राज्य' म्हणजे फक्त बेट नव्हे, सत्ता तुरिनमध्ये होती. काव्हूर ६ जून १८६१ ला वारला, त्यामुळे व्हेनेशिया आणि रोम मिळवल्याचे श्रेय त्याला देऊ नका. नीस हे गॅरिबाल्डीचे जन्मगाव. ते फ्रान्सला दिले म्हणून तो काव्हूरवर कायमचा रुसला, हे विसरले तर त्या दोघांचे वैर कळत नाही. घटनाक्रम पाठ करण्याऐवजी कोऱ्या नकाशावर सहा रंगांनी सीमा काढा: १८१५, १८५९, मार्च १८६०, नोव्हेंबर १८६०, १८६६, १८७०.

इटलीला गेल्यास या इतिहासाच्या जागा कोणत्या पाहाव्यात?

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर तुरिनचा पालाझ्झो कारिन्यानो. एकीकरणाचे राष्ट्रीय संग्रहालय तिथे आहे आणि १८४८ पासूनच्या पिडमाँटच्या संसदेचे सभागृह बाकांसकट जपले आहे. रोममध्ये जानिकोलो टेकडीवर १८४९ ची लढाई झाली. तिथे गॅरिबाल्डी आणि त्याची पत्नी अनिता या दोघांचे पुतळे आहेत आणि दररोज दुपारी बाराला तोफ डागतात. पोर्ता पिया तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. गार्दा सरोवराच्या दक्षिणेला सोल्फेरिनोच्या सान पिएत्रो चर्चमध्ये लढाईत पडलेल्या हजारो सैनिकांच्या कवट्या आणि हाडे भिंतीभर रचून ठेवली आहेत. लहान मुले बरोबर असतील तर आधी विचार करा. जवळच सान मार्तिनोचा मनोरा आहे. त्याला आतून उतरता रस्ता असल्याने पायऱ्यांचा त्रास कमी होतो. ही छोटी ठिकाणे हिवाळ्यात बऱ्याचदा बंद किंवा अर्धवेळ उघडी असतात, तेव्हा निघण्याआधी वेळा पाहून घ्या.